घराण्याची अब्रू आणि कादंबरीकाराचें कर्तव्य

आपल्या घराण्यांत घडलेली खरी हकीकत घेऊन तिची कादंबरी करावी किंवा नाहीं, आणि करावयाची तर कोणत्या मर्यादेंत, हा प्रश्न वरवर पाहतां वाङ्मयाच्या हौशी मंडळींपुरताच आहे असें वाटतें. परंतु थोडा खोल विचार केला तर तो प्रत्येक कुटुंबाचा आहे असें दिसून येईल. ज्याच्या माजघरांत एखादी तरी गोष्ट आवाज उतरवून सांगितली जात नाहीं, असें घर आपल्या समाजांत विरळा. कोणा आजोबांनीं धाकट्या भावाचा हिस्सा दडपला. कोणा आत्याबाईंना सासरच्यांनीं परत पाठविलें आणि पुढें त्यांचें नांवही कोणीं उच्चारलें नाहीं. कोणी काका पेढी बुडाल्यावर रातोरात परागंदा झाले. मुलें झोंपलीं आहेत अशा समजुतीनें या गोष्टी बोलल्या जातात, आणि मुलें त्या कान देऊन ऐकत असतात. त्यांपैकीं एखादें मोठेपणीं लेखणी हातीं धरतें, घरची हकीकत कादंबरीच्या रूपानें मांडूं म्हणतें, आणि मग घरांत जो कलह माजतो तो वाटणीच्या दाव्याहूनही कडू असतो. आमच्याकडे अभिप्रायार्थ येणाऱ्या हस्तलिखितांत अशा कादंबऱ्यांचा भरणा अलीकडे बराच वाढला आहे. यास्तव या विषयाचा एकदां निर्भीडपणें विचार करणें अवश्य आहे.

या बाबतींत दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. त्यांचें म्हणणें असें कीं, घरची गोष्ट घरांतच राहिली पाहिजे. ती चव्हाट्यावर आणणें म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणें होय. दुसरा पक्ष तरुण लेखकांचा. ते म्हणतात, जें घडलें तें खरें आहे, मग खरें लिहिण्यास भीति कोणाची? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत सत्याचा कांहीं अंश आहे, आणि दोहोंच्याही म्हणण्यांत एकेक मोठा प्रमाद आहे. पहिल्या पक्षाला अब्रू म्हणजे काय हें उमगलेलें नाहीं. दुसऱ्याला कादंबरी म्हणजे काय हें उमगलेलें नाहीं.

प्रथम अब्रूचें पाहूं. घराण्याची अब्रू हा शब्द आपण ज्या अर्थानें वापरतों त्या अर्थीं ती सगळ्या घराची नसून घरांतील कर्त्या पुरुषांची असते. कोणतीही जुनी वंशावळ उघडून पाहा. खापरपणजोबा, त्यांचे मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे, असा वृक्ष मोठ्या हौसेनें काढलेला असतो; परंतु त्या वृक्षाच्या एकाही फांदीवर बहुधा स्त्रीचें नांव नसतें. माहेरचें नांव लग्नांत बदललें, सासरचें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. मग ती बाई कोण, कोठून आली, कशानें गेली, हें विचारावें कोणाला? विधवा आत्याबाईंनीं चाळीस वर्षें घराची चूल सांभाळली, तरी घराण्याच्या इतिहासांत त्यांच्या वांट्याला एक ओळ आलेली नसते. जी गोष्ट दडविली जाते ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हितासाठीं क्वचितच दडविली जाते. ज्यानें अन्याय केला त्याच्या नांवासाठीं बहुधा दडविली जाते. तेव्हां अब्रूच्या नांवानें मौन मागणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न असा आहे कीं, हें मौन कोणाच्या संरक्षणासाठीं? जर तें जिवंत असलेल्या एखाद्या दुःखी जीवाच्या संरक्षणासाठीं असेल, तर आम्ही त्यांच्या बाजूला आहों. जर तें केवळ दिवाणखान्यांतील तसबिरीच्या संरक्षणासाठीं असेल, तर त्या तसबिरीला धक्का लागल्यानें घर कोसळत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां तरुण लेखकांकडे वळूं. एखादी गोष्ट घडली एवढ्यानें ती कादंबरीस पात्र होत नाहीं. व्यापारी वाचकांना हें एका दृष्टांतानें तत्काळ पटेल. दुकानांत दिवसभर जे व्यवहार होतात ते झाले त्या क्रमानें कीर्दींत उतरतात. परंतु कीर्द कितीही बिनचूक असली तरी कोणाकडे येणें किती, कोणाचें देणें किती, आणि धंदा चालला आहे कीं बुडतो आहे, हें तीवरून कळत नाहीं. त्यासाठीं तेच आंकडे खातेवार खतावणींत मांडावे लागतात आणि वर्षअखेर ताळेबंद काढावा लागतो. घरची हकीकत ही कीर्द होय. कादंबरी ही खतावणी होय. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ हस्तलिखितांत नुसती कीर्द असते. त्याहून वाईट म्हणजे कित्येकांत कीर्दही नसते, तर फिर्याद असते. आणि वकिलीच्या धंद्यामुळें फिर्याद आम्हांस चटकन ओळखूं येते. लेखक वादी, चुलते प्रतिवादी, आणि वाचकानें एकतर्फी हुकूमनामा करून द्यावा अशी विनंति! अशा लेखनानें घराचा अपमान होतो तो होतोच, पण त्याहून सत्याचा अपमान अधिक होतो.

मग खरी घरगुती हकीकत कादंबरींत उतरवावी कशी? याचें एक उदाहरण आम्ही मुद्दाम व्यापाऱ्याच्याच घरांतलें देतों. उत्तर जर्मनींत बाल्टिक समुद्राजवळ ल्युबेक नांवाचें जुनें व्यापारी शहर आहे. तेथें मान घराण्याची धान्याची पेढी होती. १७९० सालीं स्थापन झालेल्या या पेढीचा शतसांवत्सरिक उत्सव १८९० सालीं झाला. पुढच्याच वर्षीं पेढीचे मालक सेनेटर मान वारले, आणि त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणें पेढी मोडण्यांत आली. त्या वेळीं त्यांचा मुलगा टॉमस सोळा वर्षांचा होता. याच मुलानें १८९७ सालीं इटलींत असतांना आपल्या घराण्याची कादंबरी लिहावयास घेतली, १९०० सालीं पुरी केली, आणि १९०१ सालीं ती 'बुडेनब्रोक्स' या नांवानें प्रसिद्ध झाली. पुढें १९२९ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें तें मुख्यतः याच कादंबरीबद्दल.

या तरुणानें काय केलें तें नीट ध्यानांत घेण्यासारखें आहे. पहिली गोष्ट, तो केवळ स्वतःच्या आठवणींवर विसंबून राहिला नाहीं. नात्यांतील एका व्यापारी गृहस्थाला पत्र लिहून त्यानें जुन्या काळच्या व्यवहाराची माहिती विचारली. आईकडून घरांतील पाककृति मागविल्या. एलिझाबेथ नांवाच्या आत्याची सविस्तर हकीकत बहीण युलिया हिच्याकडून पत्रानें मिळविली. घराण्याच्या जुन्या नोंदी पाहिल्या. दुसरी गोष्ट, ही सर्व सामग्री हातीं आल्यावर त्यानें ती जशीच्या तशी वापरली नाहीं. खऱ्या सेनेटरांना पांच अपत्यें होतीं. कादंबरींतील सेनेटराला एकच मुलगा, आणि तोही ऐन किशोरवयांत विषमज्वरानें मरतो. कादंबरीचा काळ १८३५ पासून १८७७ पर्यंतचा. म्हणजे लेखक स्वतः दोन वर्षांचा असतांना ती संपते. जो मुलगा कित्येक अंशीं लेखकाच्याच जागीं उभा आहे, त्यालाच त्यानें मरूं दिलें. 'घरांत शहाणा काय तो मी एकटा', असें दाखविण्याची सोयच त्यानें स्वतःला ठेविली नाहीं. आमच्या तरुण लेखकांनीं ही एक गोष्ट उचलली तरी पुष्कळ झालें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खऱ्या आत्याचीं दोन लग्नें मोडलीं होतीं. कादंबरींतील टोनीचींही दोन लग्नें मोडतात. तिचें मन एका खलाशी वाटाड्याच्या शिकणाऱ्या मुलावर बसलेलें असतें. परंतु घरच्यांना एक व्यापारी पसंत पडतो. बाप त्याच्या हिशेबाच्या वह्या तपासतो, त्या उत्तम दिसतात, आणि लग्न ठरतें. पुढें उघडकीस येतें कीं त्या वह्या फसव्या होत्या आणि जांवयाला हुंड्याच्या रकमेनें आपलें कर्ज भागवावयाचें होतें. आतां येथें बाप दुष्ट आहे काय? मुळींच नाहीं. तो ईश्वराला भिणारा आहे, मुलीवर त्याचा जीव आहे. आणि तरीही तिचें आयुष्य तो पेढीच्या खात्यांत जमा करून मोकळा होतो. इतकेंच नव्हे, तर घराण्याची भरभराट हाच आपला धर्म, हें मुलीच्याही मनांत इतकें भिनलेलें असतें कीं, वाङ्निश्चयाची नोंद ती घराण्याच्या वहींत आपल्याच हातानें करते. दोष एका माणसाच्या माथीं मारून लेखक सुटला असता, तर वाचकही सुटला असता. पण लेखकानें बोट ठेविलें तें रूढीवर. आमच्या पेठेंतील कोणता बाप छातीवर हात ठेवून म्हणेल कीं, जांवई पाहतांना आपण त्याच्या मनाआधीं त्याची खतावणी पाहिली नाहीं?

या कादंबरींत व्यापाऱ्यांना विचार करावयास लावणारें आणखीही एक स्थळ आहे. टोनीचा भाऊ, पेढीचा मालक, हा अडचणींत सांपडलेल्या एका जमीनदाराचें उभें पीक पडत्या भावांत विकत घेतो. असा सौदा आपल्या रीतींत बसत नाहीं हें त्याचें मन त्याला सांगत असतें. पुढें पेढीच्या शताब्दीचा समारंभ चालू असतांनाच गारपिटीनें तें पीक झोडपल्याची तार येते. पेढीच्या पडझडीचा इतिहास आंकड्यांचे रकाने भरून इतका स्पष्ट झाला नसता.

आतां या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कादंबरींत शहराचें नांव कोठेंही नाहीं. तथापि रस्त्यांचीं नांवें ओळखीचीं होतीं, आणि कोणतें पात्र म्हणजे कोणता गृहस्थ याच्या याद्या ल्युबेकमध्यें हातोहात फिरूं लागल्या. आत्या एलिझाबेथ आणि काका फ्रीडरिश ही दोघेंही त्या वेळीं जिवंत होतीं. १९०५ सालीं ल्युबेकच्या एका न्यायालयांत दुसऱ्याच एका लेखकावर बेअब्रूचा खटला चालला. त्यांत फिर्यादीच्या वकिलानें 'बुडेनब्रोक्स'चेंही नांव त्याच माळेंत ओंवलें. त्याला मान यांनीं १९०६ सालीं निबंध लिहून उत्तर दिलें. लेखक बाहेरून घेतो तें केवळ साहित्य. त्यांत तो स्वतःचा प्राण ओततो तेव्हां तें त्याचें होतें आणि मूळ व्यक्तीचें राहत नाहीं, असा त्या उत्तराचा आशय होता. हें उत्तर वाङ्मयाच्या दृष्टीनें बिनतोड आहे. परंतु काकांचें समाधान त्यानें झालें नाहीं. कादंबरींतील ख्रिश्चन हा आळशी, रोगभ्रमानें पछाडलेला आणि अखेरीस वेड्यांच्या इस्पितळांत पडणारा भाऊ आपल्यावरूनच घेतला आहे, हें शहरांत सर्वतोमुखीं झालेलें. शेवटीं १९१३ सालीं, म्हणजे कादंबरी निघाल्यावर बारा वर्षांनीं, त्यांनीं स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर सूचना छापून आपल्या पुतण्याला स्वतःचें घरटें घाण करणाऱ्या पक्ष्याची उपमा दिली.

हा काका हास्यास्पद म्हणून सोडून देण्यास आम्ही तयार नाहीं. पुतण्याच्या हातीं एक मोठें पुस्तक होतें. काकाच्या हातीं वृत्तपत्राच्या कोपऱ्यांतील चार ओळी होत्या. घरच्या गोष्टीची कादंबरी लिहिणारा लेखक आणि तींत चितारला जाणारा आप्त यांचें बळ केव्हांही सारखें नसतें, हें लेखकानें एक क्षणही विसरतां कामा नये. 'बुडेनब्रोक्स' लिहिली गेली नसती तर जगाचें मोठें नुकसान झालें असतें, हें आम्ही मान्य करतों. परंतु त्या लाभाची किंमत कोणीं भरली, हेंही जमाखर्चांत दाखविलें पाहिजे.

आपल्याकडेही या वाटेनें गेलेले लेखक आहेत. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांत क्रमशः येऊं लागली. यमूची ही आत्मकथा कोणा एका घराच्या नांवावर मांडलेली नाहीं. पण सक्तीचें केशवपन ज्या घरांत झालें, त्या प्रत्येक घराला तींत आपला आरसा दिसला असल्यास नवल नाहीं. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें निघाला. शिकलेल्या अविवाहित मुलींचीं मनें त्यांत उघडीं केलेलीं पाहून केवढा गदारोळ उठला! लेखिका मालतीबाई बेडेकर यांना टोपणनांव घ्यावें लागलें, यांतच आपल्या समाजाची परीक्षा झाली. याच्या उलट लक्ष्मीबाई टिळक यांनीं 'स्मृतिचित्रें' लिहितांना कादंबरीचा आडोसाच घेतला नाहीं. स्वतःचें नांव, पतीचें नांव, घरांतले रुसवेफुगवे, सारें उघड; आणि पतीचा तऱ्हेवाईक स्वभाव वर्णितांना जितका विनोद तितकीच माया. टोपणनांव, आत्मचरित्र आणि कादंबरी हे तीन निरनिराळे मार्ग आहेत. आत्मचरित्राची जबाबदारी घेऊन कादंबरीचें स्वातंत्र्य मागतां येत नाहीं, आणि कादंबरीच्या आडून आत्मचरित्राचा सूड घेतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, नांवें बदललीं म्हणजे झालें. ही समजूत भाबडी आहे. इंग्लंडांत १९०८ सालीं एका वृत्तपत्रानें 'आर्टेमस जोन्स' या काल्पनिक इसमाविषयीं थट्टेचा मजकूर छापला. त्याच नांवाचा एक बॅरिस्टर निघाला, त्यानें दावा केला, आणि सर्वोच्च पायरीवरही त्याला मिळालेली १,७५० पौंडांची भरपाई कायम झाली. नांव काल्पनिक असून उपयोग झाला नाहीं. प्रश्न नांवाचा नाहीं, ओळख पटण्याचा आहे. आपल्याकडे १८६० च्या दंडविधानांतील बेअब्रूचें कलम ४९९ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेलें भारतीय न्याय संहितेचें कलम ३५६, या दोहोंतही मृत व्यक्तीच्या बदनामीबद्दल स्पष्टीकरण आहे. ती व्यक्ति जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता, आणि तिच्या कुटुंबीयांचीं मनें दुखविण्याचा उद्देश होता, असें दिसल्यास तीही बेअब्रू ठरूं शकते. तसेंच विधान खरें असणें पुरेसें नाहीं; तें लोकहितार्थ केलेलें असलें पाहिजे. तेव्हां 'खरें आहे' एवढ्या दोन शब्दांची ढाल करून रणांगणांत उतरणाऱ्यानें आधीं एखाद्या वकिलाला भेटावें हें बरें!

परंतु कायद्याची मर्यादा आणि नीतीची मर्यादा एकच नव्हे. टॉमस मान यांचाच मुलगा क्लाउस यानें १९३६ सालीं 'मेफिस्टो' ही कादंबरी लिहिली. नाझी राजवटींत वैभवाला चढलेला नट, म्हणजे आपल्या बहिणीचा पूर्वीचा पति, त्यानें तींत रंगविला. पुढें त्या नटाच्या दत्तक वारसानें फिर्याद केली, आणि १९७१ सालीं जर्मनीच्या घटना न्यायालयांत न्यायाधीशांचीं मतें समसमान पडल्यामुळें कादंबरीवरील बंदी टिकली. सत्ताधाऱ्यांच्या आश्रयानें मोठ्या झालेल्या सार्वजनिक पुरुषाला असें संरक्षण मिळावें, हें आम्हांस रुचत नाहीं. याच न्यायालयानें २००७ सालीं माक्सिम बिलर यांच्या 'एझ्रा' या कादंबरीचा निकाल देतांना मात्र अधिक बारकाईनें विचार केला. कल्पनेचा अंश जितका अधिक तितकें लेखकाचें स्वातंत्र्य अधिक. मूळ व्यक्तीशीं साम्य जितकें अधिक आणि विषय जितका खासगी, तितकी तिला होणारी इजा अधिक. या कसोटीनें लेखकाच्या पूर्वीच्या प्रेयसीची तक्रार मान्य झाली, पण तिच्या आईची तक्रार बंदीस पुरेशी ठरली नाहीं. ही कसोटी आम्हांस न्याय्य वाटते.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा. घरच्या हकीकतीवर कादंबरी लिहूं इच्छिणाऱ्यानें प्रथम चौकशी करावी, आणि ती विशेषेंकरून ज्यांना आजवर कोणीं विचारलें नाहीं त्या स्त्रियांकडे करावी. अन्यायाचें वर्णन करतांना त्या अन्यायावर आपणही जेवलों, शिकलों, वाढलों, हा आपला वांटा लपवूं नये. व्यक्तीची ओळख पटविणाऱ्या खुणा खुशाल बदलाव्या. रूढीची ओळख पटविणारी एकही खूण बदलूं नये. घरांत ज्यांची सत्ता होती त्यांच्याविषयीं निर्भीड असावें. जे दुबळे आहेत, आजारी आहेत, ज्यांना उलट उत्तर देण्यास साधन नाहीं, त्यांच्याविषयीं दहा वेळां विचार करावा. आणि ज्या आत्याबाईंच्या दुःखावर पुस्तक उभें राहणार, त्या जिवंत असतील तर छापण्यापूर्वीं तें त्यांना वाचून दाखवावें. त्यांनीं नको म्हटलें तर कादंबरी थांबावी. ज्या बाईच्या शब्दाला जन्मभर घरांत किंमत नव्हती, तिचा शब्द तिच्याच नांवानें लिहितांना पुन्हां एकदां डावलणें, याला सुधारणा हें नांव शोभणार नाहीं.

आणि घरांतील वडीलधाऱ्यांना आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, दिवाळीच्या साफसफाईंत जुन्या चोपड्या आणि पत्रांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या तागडींत टाकण्यापूर्वीं ते एकदां उघडून पाहा. त्यांत हुंड्याचे आंकडे असतील, बाळंतपणांत गेलेल्या सुनांच्या नांवें लिहिलेला खर्च असेल, परत पाठविलेल्या मुलीचीं कोणीं उत्तर न दिलेलीं पत्रें असतील. त्यांनीं घराण्याची अब्रू जात नाहीं. ज्या घराला आपला ताळेबंद पाहण्याची हिंमत नाहीं, त्याचें दिवाळें आधींच निघालेलें असतें. ज्याला ती आहे, त्याच्याच पुढील पिढ्यांना तीच चूक पुन्हां न करण्याची संधि मिळते.